दर गुरुवारी गायब होणारं ब्लूटूथ: जुन्या लॅपटॉपचं दुखणं शोधताना

बाबांना उजव्या कानाने आता जवळजवळ ऐकू येत नाही. डाव्या कानाचं काम हेडफोनवर भागतं. सकाळी जेवणाआधी ते लॅपटॉपवर नाट्यसंगीत ऐकतात आणि संध्याकाळी नागपूरच्या आत्याशी व्हिडिओ कॉल असतो. स्पीकरवर लावलं तर सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, पण बाबांना शब्द कळत नाहीत. वायरचा हेडफोन खुर्चीतून उठताना अडकतो, एकदा ते त्यामुळे पडता पडता वाचले. म्हणून ब्लूटूथ बंद पडलं की आमच्या घरात ते काम उद्यावर ढकलता येत नाही.

लॅपटॉप २०१४ सालचा. आला तेव्हा विंडोज ८.१ होतं, नंतर विंडोज १० घातलं. जूनपासून त्याचं ब्लूटूथ मधूनच नाहीसं व्हायला लागलं. बाबा हाक मारायचे, "अगं, आज पुन्हा ते बटणच नाही!" मी ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) काढायचे, परत टाकायचे, लॅपटॉप रिस्टार्ट करायचे, बटण यायचं. आठवड्याने पुन्हा तेच. असं सहा वेळा झालं. त्यातल्या दोनदा ड्रायव्हर टाकूनही काही झालं नाही, तेव्हा एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने पाच मिनिटांत सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या. मदरबोर्ड गेलेला नव्हता. त्याच लॅपटॉपवर आता चार महिने ब्लूटूथ एकदाही हललेलं नाही. ज्यांचं ब्लूटूथ असंच येतं-जातं, त्यांच्यासाठी काय शोधलं ते सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा दुखणं कोणतं ते ठरवा. "ब्लूटूथ चालत नाही" या एका वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, सेटिंगमध्ये ब्लूटूथचं बटणच दिसत नाही. दोन, बटण आहे, चालूही आहे, पण हेडफोन किंवा माउस पेअर होत नाही, म्हणजे लॅपटॉपशी जोडला जात नाही. तीन, पेअर होतो पण आवाज तुटतो किंवा डब्यातून आल्यासारखा येतो. पहिल्यात लॅपटॉपला स्वतःचं ब्लूटूथ सापडत नसतं. अशा वेळी हेडफोन दहा वेळा रिसेट करून काही होणार नाही. दुसऱ्यात बहुधा ड्रायव्हर ठीक असतो, जुनी पेअरिंग आड येत असते. मी पहिल्या दुखण्यावर तिसऱ्याचे उपाय करताना लोक पाहिलेत, आणि त्यात अख्खा रविवार जातो.

आमचं पहिलं दुखणं होतं, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

बटण गायब असेल तर आधी साध्या गोष्टी पाहून घ्या. जुन्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला कधी कधी वायरलेसची छोटी सरकती पट्टी असते, पिशवीत घालताना ती सरकते. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली की असते, ती एफएन बरोबर दाबली जाते. बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्येही, वायफाय आणि ब्लूटूथ वेगवेगळे बंद करायची सोय बऱ्याच मॉडेलांत आहे. हे सगळं जागेवर असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा.

इथे एक गोष्ट माहीत असली की बाकी सगळं उलगडत जातं. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच छोट्या कार्डावर असतात, पण आतून दोघांचे रस्ते वेगळे असतात. वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून जातं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. बाहेर पेनड्राइव्ह लावतो तसंच आतल्या आत लावलेलं ते एक यूएसबी उपकरण असतं. म्हणून वायफाय ठणठणीत चालू असतं आणि ब्लूटूथ नाहीसं होतं. "वायफाय चालतंय म्हणजे कार्ड चांगलं आहे, मग ड्रायव्हरच बिघडला असणार," हा तर्क मीही केला होता. तो चुकीचा आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथचा विभागच नसेल तर खाली युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स उघडून पाहा. तिथे पिवळ्या त्रिकोणासह 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं काही दिसलं, आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड ४३ असेल, तर बहुधा तेच तुमचं हरवलेलं ब्लूटूथ. विंडोजने त्याला विचारलं 'तू कोण?' आणि त्याने उत्तर दिलं नाही. ज्याने नावच सांगितलं नाही त्याला कोणता ड्रायव्हर लावणार? कोड २८ असेल तर मात्र ड्रायव्हर खरोखरच नाही. कोड २२ म्हणजे ते कोणीतरी डिसेबल केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. तिथे ड्रायव्हर बदलून पाहण्यात अर्थ असतो.

आमच्याकडे कोड ४३ होता. यावर जो उपाय लागू पडला त्यात ड्रायव्हरचा काही संबंध नाही. लॅपटॉप बंद केला तरी चार्जर किंवा बॅटरी लावलेली असते तोवर आतल्या काही भागांना थोडी वीज मिळत राहते. कार्डावरची चिप एकदा अडकून बसली की त्या थोड्या विजेवर ती अडकलेलीच राहते. तिची वीज पूर्ण तोडावी लागते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. बॅटरी निघणारी असेल तर काढा. मग पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. बाबांनी मनात मोजले, मी घड्याळ पाहिलं. पाचेक मिनिटं तसंच ठेवलं, बॅटरी बसवली, सुरू केलं. बटण परत आलं. जो लॅपटॉप 'गेला' म्हणून घरी आणला होता, त्यावर त्या दुपारी बाबांनी दोन तास गाणी ऐकली.

बॅटरी आत बसवलेली असेल तर काही मॉडेलांत बायोसमध्येच बॅटरी तात्पुरती तोडायचा पर्याय असतो, काहींच्या तळाला टाचणी जाईल एवढं भोक असतं. यातलं काहीच नसेल तर तळ उघडून बॅटरीचा कनेक्टर काढावा लागतो. ते जाणत्या माणसाकडून करून घ्या.

मग परत परत का जातं?

वीज तोडून ब्लूटूथ आलं, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलं. तेव्हा मी बाबांना म्हटलं, "आता ज्या दिवशी जाईल त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा." स्वयंपाकघराच्या दाराला आमचं भिंतीवरचं कॅलेंडर आहे, दुधाचा हिशोब आणि गॅस कधी लावला हे सगळं त्याच्यावरच. बाबांनी आठवून मागच्या फुल्याही मारल्या, शिसपेन्सिलीने, बारीक. महिनाअखेरीला आईने पान उलटायला हात लावला आणि म्हणाली, "अगं, या सगळ्या एकाच ओळीत आहेत." सगळ्या फुल्या गुरुवारच्या ओळीत. एक तेवढी शुक्रवारी होती, त्या आदल्या दिवशी बाबांनी लॅपटॉप उघडलाच नव्हता.

पुणेकराला पुढचं सांगायला नको. गुरुवार म्हणजे विजेच्या दुरुस्तीचा वार. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात आमच्या भागात बऱ्याच गुरुवारी सकाळी लाइट जात होती. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी इतकी जुनी की अर्ध्या तासात मान टाकायची. विंडोज घाईघाईने हायबरनेट व्हायचं, म्हणजे चालू अवस्था डिस्कवर साठवून बंद व्हायचं. लाइट आल्यावर बाबा तो सुरू करायचे, तेव्हा ब्लूटूथ नसायचं.

यात तीन गोष्टी एकमेकींना धरून होत्या. विंडोजमध्ये पॉवरच्या सेटिंग दोन असतात, चार्जरवरची वेगळी आणि बॅटरीवरची वेगळी. बॅटरीवर असताना यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची सोय वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवते, वीज वाचावी म्हणून. नव्या चिपा अशा झोपेतून नीट जाग्या होतात, काही जुन्या होत नाहीत. दुसरी, ब्लूटूथच्या स्वतःच्या प्रॉपर्टीजमध्ये 'वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची एक खूण असते. तिसरी, फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की शट डाउन केल्यावर विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सुरू होताना तोच परत उचलतं. म्हणजे ड्रायव्हरची बिघडलेली अवस्थाही रात्रभर जपून ठेवली जाते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. आपल्याला वाटतं बंद करून सुरू करणं हे रिस्टार्टपेक्षा जास्त कडक. विंडोज ८ पासून ते उलट आहे.

माझे ड्रायव्हरचे उपाय 'लागू' का पडत होते तेही आता कळलं. ड्रायव्हर टाकल्यावर मी रिस्टार्ट करत होते. गुण त्या रिस्टार्टचा होता. आणि ड्रायव्हर नव्याने टाकला की ती वीज वाचवायची खूण पुन्हा मूळ जागी येत होती. म्हणजे पुढच्या गुरुवारची तयारी मीच करून ठेवत होते. हे समजल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण बाबा दर वेळी शांतपणे वाट पाहत बसत.

तिन्ही कशा बदलायच्या ते सांगते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ विभागात अडॅप्टरच्या नावावर, म्हणजे जिथे कंपनीचं नाव दिसतं त्यावर, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि ती खूण काढा. यूएसबी रूट हबच्या नोंदींवरही हीच खूण असते, तिथलीही काढली तर बरं. मग कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या शेजारी चेंज प्लॅन सेटिंग्ज, त्यात अॅडव्हान्स्ड, त्यात यूएसबी सेटिंग्ज, सिलेक्टिव्ह सस्पेंड. 'ऑन बॅटरी' समोर डिसेबल्ड करा. फास्ट स्टार्टअप त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये डावीकडच्या 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' मध्ये आहे; वरची 'सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबल्याशिवाय खूण काढता येत नाही. याने लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात आणि बॅटरी किंचित लवकर उतरते. आमच्या घरी ही किंमत कोणाला जाणवलीसुद्धा नाही. ड्रायव्हर कधीही नव्याने टाकलात तर या खुणा पुन्हा तपासा.

ड्रायव्हर खरंच हवा असेल तेव्हा

लॅपटॉपच्या तळाला मॉडेल नंबर असतो, तो घेऊन लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच ड्रायव्हर उतरवा. वायफायचा आणि ब्लूटूथचा ड्रायव्हर वेगळा असतो, दोन्ही बघून घ्या. एकाच मॉडेलमध्ये कंपनीने वेगवेगळी कार्डं घातलेली असतात, त्यामुळे तिथे तीन-चार ब्लूटूथ ड्रायव्हर दिसून गोंधळ होतो. तुमचं कोणतं ते ओळखायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज पाहा. त्यात व्हीआयडी, म्हणजे कंपनीचा क्रमांक, आणि त्यानंतर चार अक्षरं येतात. ८०८७ म्हणजे इंटेल, ०ए५सी म्हणजे ब्रॉडकॉम, ०बीडीए म्हणजे रिअलटेक, ०सीएफ३ म्हणजे क्वालकॉम अथेरॉस. कार्ड दुसऱ्या कंपनीने जुळवलेलं असेल तर वेगळा आकडा दिसेल. मग व्हीआयडी आणि पीआयडी (उपकरणाचा क्रमांक) दोन्ही जसेच्या तसे शोधा.

'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका. मी पाहिलेल्या दोन लॅपटॉपवर त्यांनी चालणारा ड्रायव्हर काढून न चालणारा घातला होता. विंडोज अपडेटनंतर लगेच ब्लूटूथ बिघडलं असेल तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक आहे, ते आधी करून पाहा. आणखी एक युक्ती बऱ्याचदा चालते: अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, लेट मी पिक, आणि तिथे जेनेरिक ब्लूटूथ अडॅप्टर निवडा. काही चिपांना आधी स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं, त्यांच्यावर हा उपाय चालत नाही.

बटण आहे पण ऑन होत नाही, असं असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस चालू आहे का ते पाहा. ते एका मिनिटाचं काम आहे.

पेअरिंग अडतं तेव्हा

पेअर होताना दोन्ही उपकरणं एक किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे साठवतात. नंतर दर वेळी ती जुळली तरच जोडणी होते. एका बाजूने किल्ली पुसली आणि दुसऱ्या बाजूला जुनी राहिली की 'ट्राय कनेक्टिंग युवर डिव्हाइस अगेन' असलं काहीतरी येत राहतं. म्हणून काढायचं तर दोन्हीकडून काढा. लॅपटॉपवर रिमूव्ह डिव्हाइस, आणि हेडफोनवर त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या पद्धतीने रिसेट. लॅपटॉपवरून निघत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून शो हिडन डिव्हाइसेस करा, त्या हेडफोनच्या फिकट झालेल्या नोंदी दिसतील, त्या अनइन्स्टॉल करा.

हेडफोन चालू असणं आणि पेअरिंगसाठी तयार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता चालू केला की तो आधीच्या फोनला जाऊन चिकटतो आणि लॅपटॉपला दिसत नाही. बाबांचा हेडफोन माझ्याच फोनला जाऊन बसला होता, मी शेजारच्या खोलीत होते. घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ दहा मिनिटं बंद करा, मग पेअर करा. खूप जुन्या उपकरणांनी पिन मागितला तर ०००० किंवा १२३४ टाकून पाहा. कीबोर्ड असेल तर स्क्रीनवरचा आकडा त्याच कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं असतं.

कधी कधी दोष कोणाचाच नसतो, वयाचा फरक असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या अॅडव्हान्स्ड टॅबवर एलएमपी आकडा दिसतो, त्यावरून ब्लूटूथची आवृत्ती कळते. ४ म्हणजे ब्लूटूथ २.१, ६ म्हणजे ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०. आजचे बरेच माउस आणि पेन लो एनर्जी पद्धतीवर चालतात आणि ती ४.० पासून आली, २०१० मध्ये. तुमचा आकडा ४ असेल तर असा माउस कितीही प्रयत्न केले तरी जोडला जाणार नाही. साधे हेडफोन मात्र जुन्या पद्धतीनेही चालतात. बाबांसाठी श्रवणयंत्र बघताना हेच विचारून घेतलं. नव्या यंत्रांतली एलई ऑडिओ (लो एनर्जीवरून आवाज पाठवायची) पद्धत ४.० च्या लॅपटॉपला झेपत नाही, आणि फक्त ड्रायव्हर बदलून ती येत नाही.

आवाजाचं

आत्याशी बोलताना बाबा म्हणायचे, गाण्याला आवाज छान आणि हिच्याशी बोलताना टेलिफोनसारखा. हा बिघाड नाही. हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी हँड्सफ्री पद्धतीवर जाते, त्यात आवाज एका वाहिनीचा आणि कमी प्रतीचा होतो. उपाय सोपा: कॉलच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा आतला माइक निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोनची स्टीरिओवाली नोंद. बाबांना आता आत्याचं हसणंसुद्धा नीट ऐकू येतं.

आवाज तुटत असेल तर आजूबाजूला बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्याच पट्ट्यात वायफायही असतं, आणि पेठेतल्या इमारतीत पंधरा-वीस राउटर सहज दिसतात. तुमच्या लॅपटॉपच्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ येत असेल तर वायफाय तिकडे न्या. यूएसबी ३ ची पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क शेजारी लावलेली असेल तर ती काढून पाहा, तिच्यातूनही याच पट्ट्यात गोंगाट निघतो. हेडफोन लॅपटॉपपासून हातभर अंतरावरच चालतो आणि उठलं की तुटतो, असं असेल तर कार्डावरची अँटेनाची तार निघालेली असू शकते. पूर्वी कोणी रॅम किंवा डिस्क बदलली असेल तर हे नक्की तपासून घ्या. तारेच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढी सोनेरी टोपी असते. ती बरोबर बसली की बोटाला टक् असं जाणवतं.

कार्ड खरंच गेलं असेल तर

वीज पूर्ण तोडूनही ब्लूटूथ दिसलं नाही, कोड ४३ तसाच राहिला, तर कार्ड संपलंय असं धरायला हरकत नाही. कार्ड बदलता येतं, पण काही जुन्या लॅपटॉपचं बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं, ते आधी विचारा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे यूएसबीचा छोटा ब्लूटूथ डोंगल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तापकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो. घेताना तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर कुठे मिळेल ते विचारा, आणि शक्य असेल तर दुकानातच लावून बघा, म्हणजे लॅपटॉप बरोबर न्या. लावण्याआधी आतलं ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिसेबल करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ धड सांभाळतं, दोन असले की पेअरिंग कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे शोधत बसतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरेच जण अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकताहेत. तिथे ब्लूटूथचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो, वेगळा उतरवावा लागत नाही; लागतं ते फर्मवेअर, आणि ब्रॉडकॉमच्या काही चिपांचं ते हाताने आणून ठेवावं लागतं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंत तर हेडफोन दर वेळी नव्याने पेअर करावा लागेल, कारण लॅपटॉपचा ब्लूटूथ पत्ता एकच, पण किल्ल्या दोन सिस्टिमकडे दोन वेगळ्या.

आमच्याकडे गेल्या गुरुवारी सकाळी दहाला लाइट गेली. बॅटरी उतरली, लॅपटॉप बंद पडला, दोनच्या सुमारास लाइट आली. बाबांनी सुरू केला, हेडफोनचा निळा दिवा दोनदा मिचकावून स्थिर झाला. त्यांनी मला हाक मारली नाही. मीच स्वयंपाकघरातून जाऊन पाहिलं, तर डोळे मिटून ऐकत बसले होते.